मुलाखतीचं बोलावणं आलं, म्हणून जायलाच हवं का?

(आमच्या रेडिओवर बुधवारी संध्याकाळी झालेलं बोलणं, मैत्रिणींच्या आग्रहावरून इथे छापत आहोत.)

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर ऐका, पण आजचं बोलणं जरा कागदपत्रांचं आहे. घरात बारावी सायन्सची, नीटची परीक्षा दिलेली लेक असेल तर तिलाही हाक मारून जवळ बसवा.

आधी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

दोन वर्षांमागे आमच्या भागातल्या एका मुलीला पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. सैन्याच्या मेडिकल कॉलेजचं. तिची आई आमच्याच बचत गटात. सकाळी मोबाइलवर संदेश आला, दुपारी आम्ही रेडिओवर मुलीचं नाव घेऊन अभिनंदन केलं आणि संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. 'सैन्यात डॉक्टर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली दहा-बारा जणांचे फोटो, मुलीच्या फोटोपेक्षा मोठे. निवड कुठे झाली होती? नुसतं बोलावणं आलं होतं. आणि मुलीला जायचं आहे का, हे कुणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

तिला जायचं नव्हतं. तिला डॉक्टर होऊन आपल्याच तालुक्यात काम करायचं होतं. पण पेढे वाटून झाल्यावर नाही कोण म्हणणार? ती पुण्याला गेली, तिची निवड झाली नाही, आणि घरी आल्यावर आईला म्हणाली, "बरं झालं आई, सुटले मी." गंमत वाटेल, पण त्या आठवड्यात घरच्यांची सगळी धावपळ पुण्याच्या तयारीत गेली. इकडे जिल्ह्याच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी लागणारा नॉन-क्रिमीलेअरचा दाखला तहसीलमध्ये पडून राहिला. तो शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास हातात पडला. तासभर उशीर झाला असता तर मिळालेली जागा गेली असती. त्या दिवशीपासून आम्ही ठरवलं, की मुलीने स्वतः 'हो' म्हटल्याशिवाय रेडिओवर कुणाचं अभिनंदन करायचं नाही. आणि बोलावण्याला 'नाही' कधी म्हणावं, यावर एकदा सविस्तर बोलायचं. ते आज बोलतोय.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकीला मुलाखत कुठे असते? बरोबर आहे. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. ७२० गुणांची परीक्षा, मग ऑनलाइन नोंदणी, कॉलेजांची पसंती भरायची, फेऱ्या लागतात, यादीत नाव येतं. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, बाकीच्या ८५ टक्के आपल्या राज्याचा सीईटी सेल भरतो. यात कुठेही कुणी समोर बसवून प्रश्न विचारत नाही. परदेशात, अमेरिकेत वगैरे, मेडिकल कॉलेजं मुलांना मुलाखतीला बोलावतात. तिथे एकेका मुलाला अनेक ठिकाणची बोलावणी येतात आणि कुठे जायचं, कुठे नाही हा त्यांच्यापुढे मोठाच प्रश्न असतो. आपल्याकडे ही वेळ येते ती मुख्यतः सैन्याच्या कॉलेजांमुळे.

त्यातलं पहिलं पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सगळे एएफएमसी म्हणतात ते. १९४८ साली पुण्यात सुरू झालं आणि १९६२ पासून तिथे एमबीबीएस शिकवतात. पदवी आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. तिथे नीट तर लागतेच, शिवाय देशपातळीच्या नोंदणीत एएफएमसीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. मग नीटच्या गुणांवरून एक यादी लागते आणि यादीतल्या मुलामुलींना पुण्याला बोलावतात. तिथे इंग्रजी आणि तर्कबुद्धीची एक छोटी परीक्षा, एक मानसिक चाचणी, मुलाखत आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. अलीकडच्या वर्षांत आपल्या देशातल्या मुलांसाठी १४५ जागा असतात आणि त्यांतल्या मुलींसाठी फक्त ३०. बोलावतात मात्र याच्या कितीतरी पट. म्हणजे बोलावणं हे दाराशी उभं राहण्याचं आहे, घरात शिरण्याचं नाही.

दुसरं बोलावणं सैन्याच्या बीएस्सी नर्सिंगचं. हे फक्त मुलींसाठी. पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता, बंगळूर अशा सहा कॉलेजांत मिळून २२० जागा असतात. यालाही आता नीटचेच गुण धरतात आणि पुढे लेखी चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असते. शिकून झालं की मुलगी सैन्यात परिचारिका म्हणून लागते आणि ती अधिकारी असते, खांद्यावर पद असतं. आपल्या भागातल्या मुलींना याची माहिती फार कमी आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मुद्द्यावर येऊ. संदेश आला की घरात सगळ्यात आधी कुठला प्रश्न विचारायचा? तिकीट कधीचं काढायचं, ड्रेस कुठला घालायचा, हे नंतर. आधी मुलीला एकटीला बसवा, आजी, काका, मामा यांच्यासमोर नको, आणि विचारा: "समज, उद्या निवड झाली. जाशील?"

एवढाच प्रश्न. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला जमत नाही, आम्ही अनुभवाने सांगतो.

तिचं उत्तर स्वच्छ 'नाही' असेल, आणि ते सगळं नीट समजून घेतल्यावरचं असेल, तर जाऊ नका. तिथे जाऊन निवड झाली आणि मग मागे फिरलात तर आधीच तीस असलेल्या जागांमधली एक जागा काही दिवस अडकते. प्रतीक्षा यादीवर दुसऱ्या कुणाची तरी लेक फोनकडे डोळे लावून बसलेली असते. तिचं दुसरीकडचं प्रवेशाचं वेळापत्रकही तोवर पुढे सरकत असतं. 'जाऊन तर बघू, मान मिळतोय' म्हणून जाणं आम्हाला पटत नाही.

तिचं उत्तर 'माहीत नाही' असेल, तर मात्र आमचं मत वेगळं आहे. तिने जावं. मुलाखतीला गेल्याने कशावरही सही होत नाही. तिथलं आवार बघेल, शिस्त बघेल, गणवेशातल्या मुलींशी बोलेल. घरी बसून आठ दिवस डोकं खाण्यापेक्षा एक दिवस तिथे काढलेला बरा. कुंपणावर बसलेल्या मुलीला आपण घरातूनच अलीकडे ओढतो, असं बऱ्याचदा होतं.

'समजून घेतल्यावर' म्हणालो, ते काय समजून घ्यायचं? सगळ्यात आधी, बंधपत्र. एएफएमसीत शिकवणीची फी नसते, त्याच्या बदल्यात शिक्षण झाल्यावर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करावंच लागतं. काहींना कायमचं कमिशन मिळतं, काहींना अल्पमुदतीचं. अल्पमुदतीचं म्हटलं तरी सात वर्षं. मध्येच सोडायचं म्हटलं तर मोठी रक्कम भरावी लागते. या बंधपत्रावर आईवडिलांच्याही सह्या लागतात. म्हणजे मैत्रिणींनो, बचत गटाच्या कर्जाला जामीन राहताना आपण जसा कागद चारदा वाचून घेतो, तसाच हा वाचायचा. रकमेचा आकडा आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात. गेल्या वर्षीचा आकडा कुणी सांगितला तर तो धरून चालू नका.

दुसरं, लग्न. प्रवेशाच्या वेळी मुलगी अविवाहित असावी लागते आणि शिकत असताना लग्न करता येत नाही. सोयरीक ठरवून बसलेल्या घरांनी हे आधी ऐकावं. आम्ही तर म्हणतो, या अटीमुळे एखाद्या मुलीचं लग्न साडेचार-पाच वर्षं पुढे ढकललं गेलं तर त्याचं आम्हाला दुःख नाही. पण अट लपवून पुढे गेलात तर त्रास मुलीलाच.

तिसरं, नेमणूक कुठेही होते. लेह असेल, अंदमान असेल, जहाज असेल. दिवाळीला घरी येईलच असं नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे आणि मुलीवरच सगळं अवलंबून आहे, तिथे हे कारण खरं असू शकतं. 'असू शकतं' म्हणतो, कारण बऱ्याचदा घरातला आजारी माणूस मुलीच्याच वाट्याला का येतो, हेही एकदा बसून विचारायला हवं.

आणि तब्येत. सैन्याची वैद्यकीय तपासणी कडक असते. उंची, वजन, डोळ्यांचा नंबर, कान, दात, जुनी ऑपरेशनं, सगळं बघतात. गोंदणाबद्दलही सैन्याचे नियम आहेत. निकष माहितीपत्रकात दिलेले असतात. ते घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा, डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचा नंबर मर्यादेच्या बराच बाहेर आहे असं त्यांनी सांगितलं, तर पुण्याची खेप वाचवा, त्यात काही कमीपणा नाही. थोडंसं वजन कमी-जास्त आहे एवढ्यावरून मात्र घरीच निकाल लावू नका. तपासणीत नापास ठरलं तरी फेरतपासणी मागता येते.

आता पैशाचं. आमच्या गटात अजून असंच बोलतात, की एएफएमसी फुकट आहे म्हणून जायचं, नाहीतर गरिबाची लेक डॉक्टर कशी होणार. हे पूर्वी बरंच खरं होतं. पण २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने निर्णय काढला: आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, तसंच इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. यात वैद्यकीय शिक्षणही येतं. प्रवेश सरकारच्या फेऱ्यांतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आधीपासून आहेतच. म्हणजे 'फुकट' हे आता एकट्या एएफएमसीचं वैशिष्ट्य राहिलं नाही. राज्याच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांनाही बंधन आहे, पण ते एक वर्षाच्या सरकारी सेवेचं. एकीकडे एक वर्ष, दुसरीकडे निदान सात. हे दोन आकडे शेजारी लिहा आणि मुलीसमोर ठेवा. जिला गणवेशाची ओढ आहे तिला सात वर्षं कमीच वाटतील. जिला फक्त फीची काळजी होती, तिचा जीव तिथल्या तिथे हलका होईल.

फ्लेक्सवाल्या मुलीच्या घरी आम्ही हा हिशेब कधी मांडलाच नाही. मांडला असता तर ती तेव्हाच नाही म्हणाली असती आणि दाखल्यासाठी पळापळ झाली नसती.

पण याच्या उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल रेडिओवाल्या बायका मुलींना घरी बसवायला निघाल्या. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मुलीला नर्सिंगचं बोलावणं आलं. आई रोजंदारीला जाणारी. ती आम्हाला म्हणाली, "आम्ही नाही म्हणून टाकलं बाई." का, विचारलं. एकेक कारण बाहेर आलं. इंग्रजी येत नाही. सोबत जायला घरात पुरुषमाणूस नाही. भाड्याला पैसे नाहीत. आणि शेवटी, हळू आवाजात, "फौजेत पोरी बिघडतात म्हणतात."

यातलं एकही कारण नाही म्हणायला पुरेसं नव्हतं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मला जायचंय, पण मी बोलले नाही." भाड्याचे पैसे गटाने अंतर्गत कर्जातून दिले, व्याज न लावता, तसा ठराव लिहून घेतला. सोबत गटातल्याच दोघी गेल्या, कारण त्यांनाही शहर बघायचं होतं, हे त्या मोकळेपणाने सांगतात. इंग्रजीसाठी हायस्कूलच्या मॅडमनी आठ दिवस संध्याकाळी शिकवलं. आणि फौजेतल्या पोरींचं म्हणाल, तर डॉ. माधुरी कानिटकर याच एएफएमसीत शिकल्या, लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. २०२४ मध्ये तर तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुखपदी पहिल्यांदा एक स्त्री बसली, डॉ. आरती सरीन. त्याही एएफएमसीच्याच. आम्ही ही नावं त्या आईला सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांच्या आया काय करत होत्या?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या मुलीची निवड झाली नाही. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणी जीएनएम करते आहे. पण घरी एक गोष्ट बदलली. परवा तिच्या धाकट्या बहिणीचं काही ठरवायचं होतं, तर आईने आधी बहिणीला विचारलं.

मग नाही म्हणायचं ठरलं, तर कसं म्हणायचं? बऱ्याच घरांत गप्प बसून राहतात. बोलावण्यात ईमेल किंवा फोन दिलेला असतो. त्यावर दोन ओळी लिहून कळवा, मुलीच्या नावाने, तिच्याच हाताने. मी येऊ शकत नाही, संधीबद्दल आभार, बस. कारणं सांगायची गरज नाही. निवड झाल्यावर जायचं नसेल तर त्याच दिवशी कळवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि देशपातळीच्या फेरीत किंवा राज्याच्या फेरीत जागा मिळालेली असेल, तर ती सोडण्याचे नियम प्रत्येक फेरीला वेगळे असतात. पहिल्या फेरीत सूट असते, पुढे पुढे अनामत रक्कम जाते, काही वेळा पुढच्या फेऱ्यांतून बादही व्हावं लागतं. एक जागा सोडण्याआधी दुसरी खरोखर हातात आहे का, हे पाहा. हातात म्हणजे प्रवेश झालेला, यादीत नाव दिसलं एवढ्यावर नाही.

आणखी एक, हे बोलावणं आलं कसं? पुष्कळदा नोंदणी करताना सेवा केंद्रातला मुलगा घाईत समोर दिसेल त्या प्रत्येक पर्यायावर खूण करून टाकतो. मुलीला माहीतही नसतं की तिने एएफएमसी मागितलंय. म्हणून फॉर्म भरताना मुलीने स्वतः शेजारी बसायचं आणि कुठे खूण करायची ते आपण सांगायचं. तिथेच विचार केला तर पुढचं अर्धं डोकं वाचतं. पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवायचा, त्याच्या नाही.

आता ज्या बोलावण्याला विचार न करता नाही म्हणायचं, ते. निकालानंतर फोन येतात. "ताई, तुमच्या मुलीचं नाव लिस्टमध्ये आहे, कॉलेजच्या ट्रस्टींबरोबर मुलाखत आहे, येताना एवढे एवढे घेऊन या." नीटचा नंबर, जन्मतारीख, सगळं त्यांना माहीत असतं, म्हणून खरं वाटतं. मैत्रिणींनो, आपल्या राज्यात खाजगी कॉलेजातही एमबीबीएसच्या जागा नीटच्या गुणांवर आणि ऑनलाइन फेऱ्यांतूनच भरतात. मुलाखत घेऊन जागा विकणारा माणूस भामटाच आहे. फोन ठेवा, नंबर लिहून ठेवा, पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच कळवा आणि पोलिस ठाण्यात जा. परदेशातल्या कॉलेजचं 'निमंत्रणपत्र' दाखवणारे एजंटही येतात. परदेशात शिकायला जायचं तरी नीट पास असावी लागते, शिक्षण इंग्रजीतून आणि निदान ५४ महिन्यांचं असावं लागतं, वर त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप. एजंटाला हे तीन प्रश्न विचारा. त्याची बोबडी वळली तर चहा न पाजता पाठवून द्या.

आमच्या केंद्रात दर शनिवारी सकाळी ११ ते १ दोघीजणी बसतात. बोलावण्याचा संदेश, त्या वर्षीचं माहितीपत्रक छापून आणि मुलीला सोबत घेऊन या. मुलगी नसेल तर आम्ही कागद उघडत नाही, हा आता आमचा नियम आहे. पुढच्या बुधवारी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांना किती दिवस लागतात आणि अर्ज कधी टाकावा, ते सांगू. नमस्कार.